व्हायोलिन आणि पियानो : बरोबरीची बैठक

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील ‘चेंबर म्युझिक’ हा प्रकार महानगरांपुरता मर्यादित आहे, असा सर्वसाधारण समज आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा सांगीतिक इतिहास पाहिला, तर तो समज तपासून घ्यावा लागतो.

व्यासपीठावर पियानोचे झाकण उघडून ठेवलेले असते. त्याच्या बाकदार कडेला व्हायोलिनवादक उभा राहतो. पियानोवादकाच्या शेजारी आणखी एक व्यक्ती बसते. तिचे काम केवळ स्वरलिपीची पाने वेळेवर उलटण्याचे. ध्वनिक्षेपक नसतो, तबला नसतो, निवेदनही बेताचेच. पियानोवादक एक पट्टी दाबतो, व्हायोलिनवादक आपल्या तारा त्या स्वराशी जुळवून घेतो, दोघांची नजरानजर होते आणि एका श्वासात वादन सुरू होते.

मराठी श्रोत्याच्या मनात अशा वेळी एक स्वाभाविक प्रश्न येतो. यांतला मुख्य कलाकार कोण आणि साथीदार कोण? आपल्या मैफलीत ही विभागणी स्पष्ट असते. गायक मध्यभागी बसतो, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. कार्यक्रमपत्रिकेवरील नावांच्या टंकाचा आकारसुद्धा हा क्रम सांगतो. व्हायोलिन आणि पियानोच्या सोनाटामध्ये मात्र या प्रश्नाला उत्तर नाही. दोन्ही वादक मुख्य आणि दोघेही एकमेकांचे साथीदार. तरुण वादकांनी हा प्रकार का शिकावा आणि लहान शहरांतील श्रोत्यांनी तो का ऐकावा, याचे मर्म या बरोबरीत आहे.

खोलीतले संगीत

‘चेंबर म्युझिक’चा शब्दशः अर्थ खोलीतले संगीत. चर्चमधील उपासनासंगीत आणि नाट्यगृहातील ऑपेरा यांच्यापासून वेगळे, राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्यात मोजक्या श्रोत्यांपुढे वाजवले जाणारे संगीत, असा त्याचा मूळ अर्थ होता. पुढे ते सभागृहात आले, पण त्याची दोन लक्षणे कायम राहिली. एक, प्रत्येक स्वरपंक्तीसाठी एकच वादक असतो. सिंफनीत दहा-पंधरा व्हायोलिने एकच ओळ वाजवतात. इथे एकाची चूक झाकायला दुसरा कोणी नसतो. दोन, सूत्रसंचालक म्हणजे कंडक्टर नसतो. लय कोणी धरायची, कोठे थांबायचे, कोठे हळुवार व्हायचे, हे वादकांनी आपसांत ठरवायचे असते.

या व्याख्येशी आपली खासगी बैठक ताडून पाहण्यासारखी आहे. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत अशा बैठकींची मोठी परंपरा होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, मिरजेत शिष्य घडवले. त्यांच्याकडेच विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करून त्यांनी संगीत सर्वसामान्यांसाठी खुले केले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही मिरजेतच झाले. साताऱ्याच्या बाजूला औंध संस्थानात अंतुबुवा जोशी दरबारी गायक होते. औंधच्या संगीत महोत्सवाची परंपरा १९४० पासूनची आहे. कलावंताच्या चेहऱ्यावरची रेष दिसेल आणि तंबोऱ्याचा झंकार ध्वनिक्षेपकाविना ऐकू येईल, इतक्या अंतरावर बसून गाणे ऐकण्याची सवय या भागाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. चेंबर म्युझिकला नेमका असाच श्रोता लागतो.

साथीपासून संवादापर्यंत

पाश्चात्त्य संगीतातही ही बरोबरी सहज आलेली नाही. मोझार्टचे पहिले छापील संगीत १७६४ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्या रचना कळफलकाच्या वाद्यासाठी होत्या आणि ‘व्हायोलिनची साथ घेऊनही वाजवता येतील’ अशा स्वरूपाच्या होत्या. म्हणजे त्या काळी साथीदार होता तो व्हायोलिनवादक. घरातील मुलगी पियानोच्या पूर्वजासमोर बसे आणि पाहुणा किंवा भाऊ हौसेने व्हायोलिन जोडून देई, अशी ती घरगुती रीत होती.

याच मोझार्टने वयाच्या बाविसाव्या वर्षी, १७७८ मध्ये लिहिलेला ई मायनरमधील सोनाटा ऐकला की चित्र पालटलेले दिसते. तो पॅरिसमध्ये असताना त्याच वर्षी जुलैत त्याच्या आईचे तेथे निधन झाले. या सोनाटाच्या प्रारंभी दोन्ही वाद्ये एकच स्वरावली एकत्र वाजवतात आणि मग हळूहळू त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. रचना दोनच भागांची, आटोपशीर आहे. तांत्रिकदृष्ट्या ती फार अवघड नसल्याने विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत ती आवडीने घेतली जाते. भावाच्या दृष्टीने मात्र ती सोपी नाही.

बेथोव्हेनने व्हायोलिन आणि पियानोसाठी दहा सोनाटा लिहिले. त्यांतील १८०१ चा ‘स्प्रिंग’ या लोकप्रिय नावाने ओळखला जाणारा सोनाटा नव्या श्रोत्यासाठी उत्तम प्रवेशद्वार ठरतो. हे नाव बेथोव्हेनने दिलेले नाही. आरंभीची प्रसन्न स्वरावली प्रथम व्हायोलिन गाते आणि पियानो तिच्याखाली झुळझुळत राहतो. काही क्षणांतच तीच स्वरावली पियानो उचलतो आणि आता व्हायोलिन झुळझुळू लागते. मुख्य आणि साथीदार यांची जागा अर्ध्या मिनिटात बदलते. हा एक बदल कानाने टिपला, तर या संगीतप्रकाराचे निम्मे रहस्य उलगडते.

दोन वर्षांनी, २४ मे १८०३ रोजी सकाळी, व्हिएन्नातील एका उद्यानातील सभागृहात बेथोव्हेनने जॉर्ज ब्रिजटॉवर या तरुण व्हायोलिनवादकासह आपला नववा सोनाटा सादर केला. ब्रिजटॉवर आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या पित्याचा मुलगा होता आणि बालपणापासून युरोपातील रंगमंच गाजवत होता. रचना इतक्या घाईत पूर्ण झाली होती की, दुसऱ्या भागाची वेगळी प्रत काढायला वेळ उरला नाही आणि ब्रिजटॉवरला तो बेथोव्हेनच्या हस्तलिखितातूनच वाचून वाजवावा लागला, असे सांगितले जाते. पुढे दोघांत बेबनाव झाला आणि ही रचना रोडॉल्फ क्रॉइत्झर या फ्रेंच वादकाला अर्पण करण्यात आली. क्रॉइत्झरने ती कधीच जाहीरपणे वाजवली नाही. तरीही ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

बरोबरीचा कळस पाहायचा, तर सेझार फ्रांकचा १८८६ चा सोनाटा ऐकावा. तो युजेन इझाई या व्हायोलिनवादकाला लग्नाची भेट म्हणून लिहिलेला. त्याच्या अखेरच्या भागात पियानो एक स्वरावली सुरू करतो आणि व्हायोलिन एका मात्रावर्तनाच्या अंतराने जशीच्या तशी तीच स्वरावली मागून म्हणत येते. दोन पावले मागेपुढे चालणाऱ्या जोडीदारांसारखी ही दोन वाद्ये सोबत चालतात. १६ डिसेंबर १८८६ रोजी ब्रुसेल्समधील एका चित्रसंग्रहालयात इझाई आणि लेओंतीन बोर्द-पेन यांनी तो सादर केला. चित्रांच्या सुरक्षेसाठी तेथे कृत्रिम दिव्यांना मनाई होती. हिवाळ्याची संध्याकाळ, पहिल्या भागानंतरच स्वरलिपी दिसेनाशी झाली. दोघांनी उरलेली रचना काळोखात, स्मरणाने वाजवली. एकमेकांना डोळ्यांनी न पाहता केवळ कानांनी सांभाळून घेणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

व्हायोलिन : परके वाद्य, आपली गायकी

व्हायोलिन भारतात रुजले ते प्रथम दक्षिणेत. मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित वडिवेलु यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांना पाश्चात्त्य संगीताची आवड होती आणि त्यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच या वाद्याची आणि एका मराठी राजघराण्याची ओळख झालेली होती.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपीवाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथूनच पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादक आणि संयोजक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

सातारा जिल्ह्याचा या वाद्याशी असलेला संबंध अधिक जवळचा आहे. अंतुबुवांचे चिरंजीव पंडित गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) हे ख्यालगायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावले. रामकृष्णबुवा वझे, भुर्जी खाँ आणि विलायत हुसेन खाँ अशा गुरूंकडून त्यांना ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही घराण्यांचे संस्कार मिळाले. त्यांच्या हातात व्हायोलिन गाऊ लागले. श्रीधर पार्सेकरांसारखा शिष्य त्यांच्याकडे घडला. औंधच्या दरबाराशी नाते असलेल्या घरात एक विलायती वाद्य हिंदुस्थानी गायकीचे वाहन बनले, ही बाब या परिसराच्या सांगीतिक मोकळेपणाची साक्ष देते.

वाद्य एकच असले, तरी दोन परंपरांतील त्याची राहणी वेगळी आहे. पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून व्हायोलिन डाव्या खांद्यावर हनुवटीने धरतो. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. त्यामुळे डावा हात मोकळा होऊन लांब मींड घेता येते. पाश्चात्त्य पद्धतीत चार तारा ठरलेल्या स्वरांत, प्रत्येकी षड्ज-पंचमाच्या अंतराने लावतात. हिंदुस्थानी वादक बहुधा षड्ज आणि पंचम यांच्या जोड्या लावतो आणि षड्ज आपल्या सोयीचा निवडतो. पियानोबरोबर वाजवताना ही निवड उरत नाही. पियानोचा स्वर आधीच ठरलेला असतो.

पाचगणीतला पियानो

पियानो मात्र या भागात वेगळ्या वाटेने आला. इंग्रजी अमदानीत पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले गेले आणि तेथे निवासी शाळा उभ्या राहिल्या. या शाळांच्या शिक्षणक्रमात चर्चगीते, समूहगान आणि पियानो यांना स्थान होते.

यांपैकी सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकाच्या मध्यास झांझिबारहून एक पारशी मुलगा आला. त्याचे नाव फारुख बुलसारा. त्याने येथे पियानोचे शिक्षण घेतले, परीक्षांत चौथ्या श्रेणीपर्यंत मजल मारली आणि १९५८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, चार वर्गमित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात तो पियानो वाजवी. १९६४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे ‘क्वीन’ या रॉक समूहाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतले. त्याच्या अनेक गाण्यांतील पियानोचे काम ऐकताना साताऱ्याच्या डोंगरावरील त्या शाळकरी धड्यांची आठवण होणे साहजिक आहे.

या उदाहरणातून एक कटू वास्तवही समोर येते. पाचगणीतला पियानो शाळेच्या आवारातच राहिला. तो डोंगर उतरून वाई, सातारा, कराडपर्यंत फारसा आला नाही. निवासी शाळेचे शुल्क परवडणाऱ्या घरांतील मुलांना जे सहज मिळाले, ते खालच्या गावांतील मुलांना ऐकायलाही मिळाले नाही. गजाननबुवांचे व्हायोलिन आणि पाचगणीचा पियानो एकाच जिल्ह्यात, जवळपास एकाच काळात वाजत होते. त्यांची श्रोतृमंडळी मात्र निरनिराळी होती.

देवलांच्या बावीस श्रुती

पियानो आणि आपले संगीत यांच्यामधील खरी तात्त्विक अडचण स्वरांच्या स्थानाची आहे. या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी सर्वांत चिकाटीने काम करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ सांगलीचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पियानोत एका सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. सप्तक १२०० सेंटचे मानले, तर प्रत्येक भाग १०० सेंटचा. या सोयीमुळे कोणत्याही पट्टीतून कोणतीही रचना वाजवता येते. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. पियानोचा गंधार ४०० सेंटवर. हा फरक अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा. शिकलेल्या कानाला तो खुपतो.

निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना या प्रयोगांत मदत झाली. मुंबई इलाख्यातील आय.सी.एस. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने त्यांनी बाराऐवजी बावीस श्रुती वाजवणारी ‘श्रुती हार्मोनियम’ तयार करवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर खडाजंगी झाली. विष्णु नारायण भातखंडे यांना ही मांडणी मान्य झाली नाही. ती पेटी प्रचारात आली नाही. वाद मात्र संपला नाही. १९४० मध्ये तत्कालीन ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले.

गंमत अशी की, याच काळात मराठी रंगभूमीने समान सप्तकाच्या वाद्याला आपलेसे केले होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, त्याच जिल्ह्यातील नागठाण्याचे बालगंधर्व. त्यांच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजत असे. त्याच्या जोडीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला. एकीकडे ठरलेल्या पट्ट्यांचा ऑर्गन, दुसरीकडे हवा तो स्वर देणारी सारंगी आणि मध्ये गायकाचा गळा. सिद्धान्त काहीही म्हणोत, रसिकांनी या संगतीला तक्रारीविना दाद दिली.

व्हायोलिन-पियानोच्या जोडीतही हाच पेच रोज सोडवावा लागतो. व्हायोलिनवर पडदे नसतात. बोट केसभर सरकले की स्वर बदलतो. पियानोचा स्वर हलत नाही. म्हणून पियानोशी एकाच स्वरावर मिळायचे असेल, तेव्हा व्हायोलिनवादक समान सप्तकाचा स्वर लावतो. आपली ओळ स्वतंत्रपणे गात असेल, तेव्हा तो किंचित चढा वा उतरा, कानाला गोड लागणारा स्वर घेतो. हे गणित करून होत नाही, ऐकून होते. तंबोऱ्याच्या आसेवर कान तयार झालेल्या मुलाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

तरुण वादकाची कसोटी

पाश्चात्त्य संगीत शिकणारी आपल्याकडील बहुतेक मुले ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळांच्या श्रेणीपरीक्षा देतात. वर्षभर तीन-चार रचना घोटायच्या, परीक्षकापुढे वाजवायच्या आणि प्रमाणपत्र घ्यायचे, असा क्रम पडतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांबाबतही हीच तक्रार जुनी आहे. परीक्षेने शिस्त येते, यात शंका नाही. पण परीक्षेत मूल एकटे असते. दुसऱ्याचे ऐकण्याची सक्ती तेथे फारशी नसते.

दोघांचा सोनाटा बसवताना ही सक्ती पहिल्या मिनिटापासून सुरू होते. व्हायोलिनवादकाच्या कागदावर केवळ त्याचीच ओळ असते. पियानोवादकापुढे मात्र दोघांच्याही ओळी छापलेल्या असतात. त्यामुळे संपूर्ण रचनेचा नकाशा पियानोवादकाच्या हाती असतो आणि व्हायोलिनवादकाने तो कानाने मनात उतरवायचा असतो. सुरुवातीचा इशारा श्वासाने द्यायचा. पियानोचा स्वर पट्टी दाबताच विरू लागतो, तर व्हायोलिनचा स्वर गज चालेल तोवर वाढवता येतो. म्हणून एकाने लांबवायचे आणि दुसऱ्याने त्याला जागा द्यायची. पियानोचा खर्ज जोरकस. तो आवरला नाही, तर व्हायोलिन बुडून जाते. मतभेद झाला, तर निवाडा करायला कंडक्टर नाही. सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुलांनी ‘हा भाग थोडा सावकाश घेऊ या’ एवढे एकमेकांना पटवून देणे, हेही एक शिक्षणच आहे.

आपल्याकडे जुगलबंदीची कल्पना आहे, पण तिच्यात बहुधा स्पर्धेचा रंग चढतो. सवाल-जवाब ऐकायला श्रोते आतुर असतात. सोनाटामध्ये जिंकायचे कोणीच नसते. पेटीवादक किंवा सारंगिया यांनी आयुष्यभर साथ केली तरी त्यांचे नाव मागे पडते, ही खंत मराठी संगीतविश्वाने अनेकदा व्यक्त केली आहे. साथ हा दुय्यम व्यवहार नाही, हे लहान वयात प्रत्यक्ष वाजवून समजलेली पिढी उद्या आपल्या संगीताकडेही वेगळ्या नजरेने पाहू शकेल.

पियानो आणायचा कोठून?

मोठी अडचण व्यावहारिक आहे. व्हायोलिनचे वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी. ते पेटीत घालून एस.टी.ने नेता येते. मैफलीचा मोठा पियानो नऊ फूट लांब आणि सुमारे पाचशे किलोंचा. त्याच्या सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण अठरा ते वीस टनांपर्यंत जातो. तो पेलण्यासाठी आत ओतीव लोखंडाची चौकट असते. भिंतीशी लावायचा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोंच्या पुढे.

त्यात हवामानाची भर पडते. पियानोचा स्वरफलक लाकडाचा असतो. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते आणि स्वर चढतात. उन्हाळ्यात ते सुकते आणि स्वर उतरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात मुसळधार पाऊस, तर आटपाडी-जतकडे कोरडी हवा. या दोन टोकांच्या मधल्या गावांत पियानो सुरात ठेवणे हे सतत करावे लागणारे काम आहे. ते करणारे जाणकार कारागीर प्रामुख्याने मोठ्या शहरांत. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृहे असली, साताऱ्यात शाहू कला मंदिर आणि सांगलीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह असले, तरी अशा सार्वजनिक रंगमंचावर सुरात लावलेला पियानो ही दुर्मीळ गोष्ट ठरते. त्याऐवजी विजेवर चालणारा डिजिटल पियानो वापरला जातो. सरावासाठी तो उपयुक्त आहे, त्याचा सूर हवामानाने ढळत नाही. मात्र त्याचा आवाज स्पीकरमधून येतो. लाकडाच्या व्हायोलिनचा आणि स्पीकरच्या पियानोचा नाद एकाच हवेत मिसळताना जे सूक्ष्म मीलन व्हायला हवे, ते तितकेसे होत नाही.

ही अडचण दूर करणे अशक्य नाही, हे सांगणारे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तंबोरे आणि सतारी बनवण्यास प्रारंभ केला. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव त्यांत अग्रभागी घेतले जाते. सोलापूर भागातील भोपळे, घरच्या घरी आत्मसात केलेले कौशल्य आणि गवयांच्या कानांचा धाक यांच्या बळावर मिरजेची वाद्ये देशभर गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीला धार लावणारे हात तंबोऱ्याची जवारी लावू शकले, तर त्याच गावातील तरुण कारागिराला पियानोच्या तारा जुळवण्याची विद्या शिकता येईल. त्यासाठी आधी जिल्ह्यात जुळवण्यासारखे पियानो हवेत आणि ते ऐकायला येणारी माणसे हवीत.

ऐकायचे कसे?

नव्या श्रोत्याने काही साध्या गोष्टी लक्षात ठेवल्या, तरी पुरे. सोनाटाचे बहुधा तीन किंवा चार भाग असतात आणि दोन भागांच्या मध्ये टाळ्या न वाजवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे समेवर येणारी दाद ही कलावंताला ऊर्जा देते. तेथे शांतता तेच काम करते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, रीत निराळी एवढेच. रागाचा विस्तार शोधू नये. तेथे तो नसतो. त्याऐवजी एखादी स्वरावली मनात धरून ठेवावी आणि ती पुढे कोणत्या वाद्याकडे जाते, कोणत्या रूपात परतते, याचा माग काढावा. ब्राम्सच्या १८७९ च्या पहिल्या व्हायोलिन सोनाटाच्या शेवटच्या भागात त्याच्याच एका पाऊसगीताची स्वरावली येते आणि खाली पियानोचे द्रुत स्वर रिमझिमत राहतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात वाढलेल्या श्रोत्याला हे समजावून सांगण्यासाठी कोणत्याही निवेदकाची गरज भासू नये.

मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेले एनसीपीए आणि तेथे २००६ मध्ये आकारास आलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया यांमुळे पाश्चात्त्य अभिजात संगीताला राज्यात एक हक्काचे घर मिळाले. पण मोठ्या वाद्यवृंदाला शंभर वादक आणि भव्य सभागृह लागते. ते साताऱ्या-सांगलीला परवडणारे नाही. दोन वादक, एक पियानो आणि शंभर खुर्च्या यांचा मेळ मात्र जमू शकतो. शाळेचे सभागृह, वाचनालयाचा दिवाणखाना, जुन्या वाड्याचा चौक, यांतील काहीही चालते. चेंबर म्युझिक जन्मले ते अशाच जागांत.

औंधच्या दरबारी गवयाच्या मुलाने व्हायोलिन हाती घेतले, तेव्हा ते वाद्य कोठून आले, हे कोणी विचारत बसले नाही. ते काय गाते, हे लोकांनी ऐकले. आज त्याच मातीतील मुले मोझार्ट किंवा ब्राम्स घेऊन व्यासपीठावर उभी राहिली, तर त्यांच्या वाट्याला तेवढेच मोकळे कान यावेत. वाद्य मिळणे कठीण असेल. ऐकणाऱ्यांची उणीव या मुलखात तरी भासू नये.